शेवट न पाहिलेले मामाजी

सिनेमावर मत देणारे आपल्या देशात पुष्कळ होऊन गेले असतील, पण एकाही सिनेमाचा शेवट न पाहता प्रत्येक सिनेमाचा निकाल लावणारा माणूस एकच झाला आणि तो माझा चुलतसासरा होता. ही काही मी त्यांची निंदा करत नाही. आजही वर्तमानपत्रात एखाद्या नव्या सिनेमाचं परीक्षण वाचलं की मला त्यांचीच आठवण येते आणि वाटतं, या लिहिणाऱ्या गृहस्थांना सगळा सिनेमा पाहायला मिळतो, म्हणूनच यांचा स्वभाव असा कडवट झाला असावा. धाकट्या मामाजींचा कधीच झाला नाही.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझे सासरे ते थोरले मामाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ ते धाकटे मामाजी. धाकट्यांना तर सगळं गावच मामाजी म्हणायचं. दोघांचं घर एकच, अंगण एकच, फक्त चुली दोन. ही गोष्ट देवळीची, पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांतली, जेव्हा देवळीत कापसाशिवाय दुसरं फारसं काही नव्हतं आणि लोकांना त्याचं वाईटही वाटत नव्हतं. धाकटे मामाजी जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. गाडी आली की हात खोल घालून चिमूटभर कापूस ओढायचा, दोन्ही अंगठ्यांनी त्याची तार ताणायची, नाकाजवळ न्यायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. अख्खी गाडी रिकामी करून पाहायची त्यांना कधी गरज पडली नाही. मला वाटतं, सिनेमाच्या बाबतीतला सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला. ज्याला चिमटीवरून गाडी कळते, त्याला पाऊण सिनेमावरून पुढचा सिनेमा न कळायला काय झालं?

त्यांची भाषाही जिनातलीच होती. ज्या सिनेमात कथा थोडी आणि विनोदी माणसांचा धुडगूस फार, त्याच्याबद्दल ते म्हणत, "रुई कमी, सरकी जास्त." ज्यात रडारड फार, त्याच्याबद्दल म्हणत, "वजन वाढवाले पानी मारलं आहे," कारण काही लबाड लोक कापसावर पाणी शिंपडून तो वजनाला घालायचे आणि मामाजींचा अशा लोकांवर फार राग होता. नट-नट्यांची पारख करायची त्यांची रीत त्याहून वेगळी. नटीचं रूप ते पाहतच नसत. ती भाकर कशी थापते, पाणी कसं शेंदते, एवढंच पाहायचे. "इच्या हाताले सवय नाई" असं एकदा ठरलं, की पुढे ती बाई कितीही सुंदर रडली तरी त्यांच्या लेखी ती उपाशीच मेली पाहिजे अशी होती. एका सिनेमात नायिका रेशमी साडी नेसून, गाणं म्हणत, हिरव्यागार शेतात कापूस वेचताना दाखवली होती. मामाजी भर टॉकीजमध्ये उभे राहिले आणि पडद्याकडे बोट दाखवून ओरडले, "कापूस येचून राह्यली का फुलं तोडून राह्यली? बोंड तं अजून फुटलंच नाई तुह्या वावरात!" असं म्हणून ते तडक बाहेर आले आणि मोटार सुटायला कितीतरी वेळ असताना मोटारीत जाऊन बसले. त्या सिनेमाला मग देवळीतून कुणी गेलं नाही. नायिकेला गावाने माफ केलं असतं, पण न फुटलेल्या बोंडाला नाही.

आता मोटारीचं सांगते, कारण सगळं त्या मोटारीवर होतं. देवळीचे लोक सिनेमा पाहायला वर्ध्याला जायचे. रविवारी जिन बंद, म्हणून रविवारचा तीनचा खेळ. आणि देवळीला परतायची शेवटची मोटार साडेपाचला. सायकल मामाजींना येत नव्हती, वर्ध्यात मुक्काम करण्याजोगं कुणी नव्हतं, आणि धाकट्या आत्याबाई, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, घरात माणसं असली तरी दिवेलागणीनंतर मामाजींशिवाय राहायला घाबरायच्या. त्यामुळे सिनेमा ऐन रंगात आला, की टॉकीजच्या दारात मोटारीचा कंडक्टर येऊन उभा राहायचा आणि पडद्यावर कोण मरतंय, कोण लग्न करतंय याची पर्वा न करता आरोळी द्यायचा, "देवळी! देवळी! चला देवळी!" की निम्म्या बाकांवरचे लोक उठले. मामाजी कडेची जागा धरून बसलेले असत, वहाणा आधीच काढून हातात घेतलेल्या, म्हणजे अंधारात कुणाच्या पायावर पाय पडला तरी लागू नये. निघताना दारातल्या डोअरकीपरच्या कानाशी लागून दोन शब्द बोलायचे आणि गंभीर चेहऱ्याने मोटारीत चढायचे. मग मोटार सावंगीच्या पुढे लागली की मागून कुणीतरी विचारायचंच, "मंग मामाजी, शेवटी काय झालं म्हने?" आणि मामाजी शेवट सांगायचे. सगळ्या गावाची समजूत अशी, की डोअरकीपर त्यांचा ओळखीचा आहे आणि तो त्यांना शेवट सांगतो. वर्षानुवर्षं देवळीने सिनेमे वर्ध्यात पाहिले आणि त्यांचे शेवट मोटारीत ऐकले.

गावात उतरलं की चौकातल्या हॉटेलात त्यांची बैठक बसायची. जे गेले नव्हते ते वाट पाहत असायचे, कारण पुढच्या रविवारी जायचं की नाही हे तिथे ठरायचं. त्या बैठकीत मामाजींना विरोध करणारा एकच माणूस होता, तो म्हणजे शाळेचे हेडमास्तर. वाचनालयात नागपूरचं वर्तमानपत्र यायचं, त्यात सिनेमाचं परीक्षण असायचं, आणि हेडमास्तर ते पाठ करून यायचे. "परीक्षकांच्या मते दिग्दर्शन सैल आहे," असं ते म्हणाले, की मामाजी चहा बशीत ओतत शांतपणे विचारायचे, "त्यायनं हात घालून पायला का वरूनच?" हेडमास्तर चिडायचे. छापील मत आणि चिमटीचं मत यांची अशी झटापट दर रविवारी व्हायची. तरी हेडमास्तरही साडेपाचच्याच मोटारीने यायचे आणि शेवट ऐकताना कान टवकारून पुढे सरकायचे, हे मला माझ्या यजमानांनी सांगितलेलं आहे. वर्तमानपत्रातल्या परीक्षणाचं शेवटचं वाक्य बहुधा ठरलेलं असायचं, की सिनेमाचा शेवट प्रेक्षकांनी पडद्यावरच पाहावा. हेडमास्तर ते वाक्य मोठ्या आदराने वाचून दाखवत. मामाजी चहा पीत राहत, आणि पुढे एकदा मला म्हणाले होते, "तोबी माह्यासारखाच. त्याचीबी मोटार सुटत असन."

आता मी या गोष्टीत कुठून आले ते सांगते. माझं माहेर वर्ध्याचं, आणि आमच्या घराची मागची भिंत हीच टॉकीजची मागची भिंत. पडद्याची बाजू आमच्या स्वयंपाकघराला लागून होती. त्यामुळे लहानपणापासून मी सिनेमे पाहिले थोडे, पण ऐकले सगळे. दिवसातून तीनदा, आणि सिनेमा चालला तर महिनाभर. आई वरणाला फोडणी घालायची तेव्हा भिंतीपलीकडे कुणीतरी कुणाला घराबाहेर काढत असायचं, आणि आम्ही जेवायला बसायचो तेव्हा त्याला पश्चात्ताप झालेला असायचा. आईला कुठल्या गाण्याला कुकर, म्हणजे तेव्हाचा आमचा शेगडीवरचा डबा, उतरवायचा हे पाठ होतं. आणि दर रविवारी सगळं शिगेला पोचलं की मध्येच ती आरोळी, "देवळी! देवळी!" आम्ही भावंडं हसायचो. म्हणायचो, गेले बिचारे देवळीवाले, आता यांना कधीच कळणार नाही. माझं लग्न देवळीला ठरलं तेव्हा धाकट्या भावाने पहिली काळजी दाखवली ती हीच, की ताईला आता शेवट कळणार नाहीत. थोडक्यात, मामाजींनी सगळे सिनेमे शेवट सोडून पाहिलेले, आणि मी त्यांचे शेवट भिंतीतून ऐकलेले. आम्हा दोघांना एकत्र केलं असतं तर एक धड प्रेक्षक तयार झाला असता.

लग्नानंतरचा पहिलाच रविवार. मामाजी हॉटेलातली बैठक आटोपून घरी आले, पाय धुतले, आणि आत्याबाईंना सिनेमा सांगायला बसले. हा त्यांचा खरा खेळ. आत्याबाई टॉकीजला कधी गेल्या नव्हत्या, अंधारात गर्दीत बसायचं म्हटलं की त्यांना धडधड व्हायची. त्यांचा सिनेमा म्हणजे मामाजी. ते नायकही व्हायचे, नायिकाही व्हायचे, घोडाही तेच व्हायचे. मी माजघरात दाराआड पदर सावरून भाजी निवडत होते. सिनेमा मी ओळखला, महिनाभर ऐकलेला होता. त्यात शेवटी धाकटी बहीण विहिरीत जीव देते आणि भाऊ हंबरडा फोडतो, तो हंबरडा ऐकून आमच्या आईने एकदा मीठ दोनदा टाकलं होतं. इकडे मामाजींच्या सिनेमात मात्र बहीण विहिरीच्या काठापर्यंत गेली, तिला आत चंद्र दिसला, तिला भावाच्या लहानपणीची आठवण झाली आणि ती घागर भरून घरी आली. आत्याबाईंनी पदराने डोळे टिपले आणि समाधानाने म्हणाल्या, "बरं झालं माय, पानी घेऊनच आली." माझ्या हातातली परात खाली पडली.

पुढे हळूहळू मला सगळं कळलं. फार पूर्वी मामाजींनी डोअरकीपरला खरंच शेवट विचारला होता. त्याने खरा सांगितला. त्यात एक पोर दगावलं होतं. तसंच त्यांनी घरी येऊन सांगितलं, आणि आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. चूल पेटली नाही, म्हणून मामाजीही जेवले नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि दुसऱ्यांची पोरं, मग ती पडद्यावरची का असेनात, आत्याबाईंच्या मनाला फार लागायची. त्या दिवसानंतर मामाजींनी शेवट विचारणं सोडून दिलं. डोअरकीपरच्या कानाशी लागून ते फक्त एवढंच विचारायचे, की पुढचा पिच्चर कोणता येऊन राह्यला. आणि देवळीत तेव्हापासून सिनेमात कुणीही मेलं नाही.

माझी परात पडली तेव्हा मामाजींनी दाराकडे पाहिलं. त्या काळी सासरे सुनेशी थेट बोलत नसत. आत्याबाईंमार्फत बोलत, आणि आत्याबाई घरी नसल्या तर ओसरीवरच्या खांबाशी बोलत. त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "सूनबाईचं माहेर वर्ध्यात कोनीकडं म्हने?" आत्याबाई म्हणाल्या, "टॉकीजच्या मांगं. भिंतीले भिंत लागून आहे." मामाजींना चहाचा ठसका लागला तो चांगला टिकला. पुढच्या रविवारी वर्ध्याहून येताना त्यांनी माझ्यासाठी गोरसपाक आणला, वर्ध्याची ती प्रसिद्ध तुपातली बिस्किटं. त्याच्या पुढच्या रविवारीही आणला. "सूनबाईले म्हना, घेजो," एवढंच खांबाला सांगायचे आणि निघून जायचे. सगळं घर कौतुक करायचं, की धाकट्यांचा सुनेवर किती जीव. जीव होताच, पण त्यात थोडी लाचही होती, आणि मला गोरसपाक आवडत असल्यामुळे मी ती आनंदाने खाल्ली. खरं म्हणजे नसता आणला तरी मी बोलले नसते. आत्याबाई ज्या समाधानाने शेवट ऐकून उठायच्या, ते समाधान मोडायचा अधिकार मला कुणी दिला होता?

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात जत्रेत तंबूचा सिनेमा येणार अशी बातमी आली. तंबूवाला बाहेरगावचा, बैलगाडीवर मशीन घेऊन फिरणारा. गावभर दवंडी झाली. कोणता सिनेमा म्हणून विचारलं तर जो वर्ध्यात गेल्या हंगामात फार चालला होता तोच. मुलगा बापाशी भांडून शहरात जातो आणि त्याची आई दारात दिवा लावून त्याची वाट पाहते, असा तो सिनेमा. मामाजींनी त्याला पहिला नंबर दिला होता, "लांब तार, सरकी नाई." आणि त्याचा शेवट तर त्यांचा सगळ्यांत गाजलेला. मुलगा परत येतो, आई अंधारात त्याची चाहूल ओळखते, काही रागावत नाही, काही रडत नाही, ताटात गरम भाकर वाढते आणि एवढंच विचारते, "काऊन रे इतका उशीर केला?" बस. हा शेवट देवळीत इतका मुरला होता, की बाया उशिरा येणाऱ्या पोरांना तोच प्रश्न त्याच आवाजात विचारायच्या. हेडमास्तरांनीसुद्धा शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावर भाषण केलं होतं. आणि आता तंबूत मोटार सुटायची नव्हती. देवळी पहिल्यांदाच एक सिनेमा शेवटपर्यंत पाहणार होती. आत्याबाईही येणार होत्या, कारण तंबू घराजवळच होता आणि बायकांसाठी कनात लावून वेगळी जागा केली होती.

मामाजींचं जेवण तुटलं. दोन दिवस ते तंबूवाल्याकडे खेटे घालत होते, दुसरा कुठला पिच्चर आहे का म्हणून. त्याच्याकडे एकच होता. मग एका दुपारी आत्याबाई दळण आणायला गेल्या असताना मामाजी ओसरीवर आले. मी दाराआड होते. ते खांबापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाईले इचारा, त्या पिच्चरमंदी शेवटी काय होते."

मीही खांबालाच उत्तर दिलं. म्हटलं, "मुलगा दारात येतो, आणि ती माय त्याच्या आधीच गेलेली असते. दिवा विझलेला असतो."

मामाजी खाली बसले. मग जरा आशेने म्हणाले, "सूनबाईनं ऐकलंच आहे ना फक्त? पायलं तं नाई?"

"नाही. ऐकलंय."

"मंग होऊ शकते. आवाजात मरत असन. पडद्यावर नसन मरत." हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी त्यांची सून नसते तर जाऊन पाठीवरून हात फिरवला असता. मग ते स्वतःशीच म्हणाले, "मले गावाचं नाई. गाव हासन, हासू दे. पन घरची बाई दोन दिवस जेवनार नाई. आता या वयात झेपते का तिले?"

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला तंबू भरला. जमिनीवर बसलेला सगळा गाव, मधोमध पडदा, एका बाजूला कनातीमागे आम्ही बाया. आत्याबाई माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. अंधार झाला तशा घाबरल्या, पण पडद्यावर ती माय दिसली आणि त्यांची भीती गेली. त्यांना ती ओळखीचीच होती. पुढे काय होणार ते सगळ्या बायांना पाठ. मुलगा गाव सोडून गेला तेव्हा मागून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "जाऊ दे वं, येते तो परत." जिथे दर वेळी आरोळी यायची ती जागा आली आणि गेली. कुणी देवळी देवळी ओरडलं नाही. त्यापुढचा सिनेमा मला तोंडपाठ होता. पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होता आणि मला पाहावत नव्हता. मुलगा धावत आला. दार उघडलं. दिवा विझलेला होता. मग तो हंबरडा.

आणि मग हेडमास्तर उठून उभे राहिले. हो, तेच, छापील परीक्षणवाले. पडद्याकडे हात करून ओरडले, "हा शेवट नव्हे! रीळ बदललं आहे!" झालं. सगळा गाव उठला. "आमचा पिच्चर तोडला! खरा डबा काढ!" कुणी म्हणे त्याने शेवटचं रीळ शेजारच्या गावात विकलं, कुणी म्हणे जुन्या कुठल्या तरी सिनेमाचं जोडलं. दोघातिघांनी तंबूवाल्याची गचांडी धरली. तो गरीब माणूस देवाची शपथ घेऊन सांगत होता, की शेवट हाच आहे, साऱ्या मुलखात हाच दाखवला, कुणी तक्रार केली नाही. ऐकतो कोण? मामाजींचा शब्द होता, तो खोटा कसा असेल? रीळ मात्र खोटं असू शकतं.

तेव्हा मामाजी पुढे आले. कंदील आणला होता, त्याच्या उजेडात त्यांची काळी टोपी हातात दिसत होती. टोपी काढलेले मामाजी मी तोवर पाहिले नव्हते. ते म्हणाले, "सोडा त्याले. डबा खरा आहे. खोटा मी आहो." गलका थांबला. "शेवट मी कधी पायला नाई, अन् एक खेप सोडली तं कोनाले इचारलाबी नाई. तुमाले सांगत गेलतो ते सारं माह्या मनचं. कितीक वर्सापासून. साऱ्याच पिच्चरचं."

हेडमास्तर उभे होते ते हळूच खाली बसले. मामाजी टोपी हातात घेऊन उभे, आणि मला वाटलं, आता कुणीतरी हसेल आणि हा माणूस त्या हसण्याने इथेच मोडेल. कुणी हसलं नाही. हललं काही तर माझ्या शेजारी. आत्याबाईंनी माझा हात सोडला. जन्मात कधी चारचौघांत नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या, त्या कनात बाजूला सारून उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज खणखणीत होता.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्या मायचं पोरगं घरी आलं का नाई, ते सांगा."

मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, "आलं."

"मंग सांगा ना बसून. उभे काऊन राह्यले?"

आणि मामाजी खाली बसले, त्या पांढऱ्या रिकाम्या पडद्यासमोर, आणि त्यांनी शेवट सांगितला. चाहूल सांगितली, दिव्याची वात पुढे सारणं सांगितलं, भाकरीची वाफ सांगितली. लोक एकेक करून बसत गेले. तंबूवाला मशीनजवळ उभा राहून ऐकत होता, तोही बसला. आणि जेव्हा माय विचारते तो प्रश्न आला, तेव्हा मामाजींनी तो विचारलाच नाही. ते नुसते थांबले, आणि तंबूतल्या सगळ्या बायांनी मिळून विचारलं, "काऊन रे इतका उशीर केला?" आत्याबाई त्या दिवशी घरी येऊन व्यवस्थित जेवल्या. दोन भाकरी खाल्ल्या. मामाजी समोर बसून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर आले आणि खांबाला वळसा घालून थेट माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, तुमचे कान चांगले आहेत." तेव्हापासून ते माझ्याशी थेट बोलायला लागले. सासरच्या माणसांत असं बोलणारे तेवढेच. गोरसपाकही बंद झाला नाही, म्हणजे ती नुसती लाच नव्हती हेही सिद्ध झालं.

पुढे रस्ता सुधारला, मोटारी वाढल्या. सिनेमा सुटल्यावर मिळेल अशी एक मोटार सुरू झाली आणि देवळीचे लोक शेवटपर्यंत बसायला लागले. पण मौज अशी, की पडद्यावरचा शेवट पाहून आल्यावरही ते चौकातल्या हॉटेलात यायचे आणि विचारायचे, "मामाजी, आता तुमचा सांगा." हेडमास्तर सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असत. वर्तमानपत्रातलं परीक्षण ते आता घडी करून खिशातच ठेवायचे. मामाजी मात्र उशिराच्या मोटारीने कधी आले नाहीत. मी एकदा म्हटलं, "मामाजी, आता तर बसता येतं शेवटपर्यंत. एकदा पाहा तरी." तर म्हणाले, "पाहीन न. घाई काय आहे?" कंडक्टर आता आरोळी द्यायचा नाही, पण वेळ झाली की ते आपले आपण उठायचे, वहाणा हातात घ्यायचे, आणि डोअरकीपरला पुढचा पिच्चर कोणता ते विचारून साडेपाचच्या मोटारीत बसायचे.

मी बाळंतपणासाठी वर्ध्याला माहेरी होते, टॉकीजच्या मागच्या त्याच घरात, तेव्हा ते गेले. निरोप आला तेव्हा भिंतीपलीकडे तीनचा खेळ चालू होता. मिळेल ती मोटार धरून, तान्हं मूल पदराखाली घेऊन मी देवळीला पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. लोक नदीवरून परत येत होते. आत्याबाई माझ्या गळ्यात पडल्या आणि सांगायला लागल्या, की कसं झालं, शेवटी काय म्हणाले. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, आत्याबाई, नका सांगू. मला ऐकायचं नाही. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

त्यामुळे धाकट्या मामाजींचा शेवट मी पाहिलेला नाही आणि ऐकलेलाही नाही. माझ्यापुरता तो असा आहे. रविवार आहे. साडेपाचची मोटार येऊन गेली, तिच्यातून ते उतरले नाहीत. दिवेलागण झाली, आत्याबाई दारात दिवा लावून उभ्या आहेत, आणि त्यांना एकट्यांना आज भीती वाटत नाही. मग उशिराची मोटार येते. काळी टोपी, वहाणा हातात, खिशात गोरसपाकाची पुडी. ते पाय धुऊन आत येतात. आत्याबाई रागावत नाहीत, गरम भाकर ताटात वाढतात आणि विचारतात, "काऊन जी, इतका उशीर केला?"

आणि मामाजी म्हणतात, "आज शेवटपर्यंत बसलो होतो."